चांदभाईंचा ब्रश

एक काळ असा होता की दौंडमध्ये ज्याच्या गालावर चामखीळ असेल, तो फोटोत बिनचामखिळीचा निघायचा. तिरळा सरळ बघायचा. सावळी नवरी गव्हाळ व्हायची. रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांना तर चांदभाईंनी टकलावर पाच-पंचवीस केस उगवून दिले होते. साहेबांनी तोच फोटो ओळखपत्राला लावला आणि पुढं रिटायर होईपर्यंत नवा टीसी आला की त्याच्याशी हुज्जत घातली.

चांदभाई म्हणजे मेहक फोटो स्टुडिओ. पाटीवर लेकीचं नाव, आत एक स्टूल, मागं काश्मीरचं तळं रंगवलेला पडदा. फोटो काय, कुणीही काढतो. चांदभाईंचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. काळ्यापांढऱ्या जमान्यात ते निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवायचे. रंगीत आल्यावर निगेटिव्ह पडलं बोटभर, त्यावर काय करणार? मग ते प्रिंटवर आले. ब्लेडच्या टोकानं डाग अलगद खरवडायचा आणि दोन-तीन केसांच्या ब्रशनं तिथं आजूबाजूचा रंग भरायचा. भिंग लावून बघा, कळणार नाही. ते म्हणायचे, आहे तसं तोंड बघायचं तर घरात आरसा आहे की, त्यासाठी माणूस इस्त्रीचे कपडे घालून माझ्याकडं कशाला येईल?

ह्या हुन्नरातला त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे राहू गावचा कोंडिबा कोकरे. कोंडिबा तेव्हा मेंढरं वळायचा. लहानपणी देवी आलेल्या, तोंडभर वण. लग्न कुठं जमेना. अडुसष्ट साली चांदभाईंनी त्याला ह्याच स्टुलावर बसवला, फोटो काढला, आणि सबंध दोन दिवस निगेटिव्हवर पेन्सिल चालवून एकेक वण बुजवला. तो फोटो शिरूरकडं, न्हावऱ्याला, धुरपदाच्या मामाच्या घरी गेला. मामानं बघितला, मामीनं बघितला, दाराआडून धुरपदानं बघितला, आणि सोयरीक पक्की झाली. पुढं मांडवात अंतरपाट खाली आला तेव्हा धुरपदानं नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा बघितलं. तेव्हा ती काही बोलली नाही. पुढची तीस वर्षं मात्र पाहुणा आला की भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून सांगायची, "माझं लगीन ह्याच्यासंगं ठरलं हुतं. आला दुसराच."

सगळे हसायचे, तीही हसायची. कोंडिबाला त्या फोटोचा भारी अभिमान. सुगी झाली की नव्या बाजरीचं गाठोडं खांद्यावर टाकून तो चांदभाईंच्या घरी यायचा, खुर्शिदभाभींच्या हातचा चहा प्यायचा आणि म्हणायचा, "ह्या माणसानं माझं घर उभं केलं." गोष्ट खरीच होती. चार लेकरं, नदीकाठची उसाची जमीन, मेंढरं कधीच सुटलेली. सगळं त्या पेन्सिलीमागून आलं.

पण नव्वदच्या पुढं गावोगाव कलर लॅब झाल्या. लग्नाला लोक व्हिडिओवाला सांगू लागले. चांदभाई दिवसदिवस स्टुडिओत बसून काश्मीरच्या तळ्यावरची धूळ झटकायचे. अशात नव्व्याण्णव साली केडगावच्या बाजूला एका ट्रस्टचं डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल निघालं. दर गुरुवारी पुण्याहून डॉक्टर साधना यायच्या. बाई हुशार, बोलायला गोड, कामाला कडक. कुणीतरी परदेशातून एक जुना कॅमेरा दान पाठवला होता. साधा नव्हे, डोळ्याच्या आतला पडदा टिपणारा. तो येऊन दोन महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होता, कारण चालवणारं कुणी नाही. कंपाउंडरनं हात घातला तर सगळे फोटो पापण्यांचे आले.

बाईंना कुणीतरी चांदभाईंचं नाव सांगितलं. चांदभाई गेले, टोपी काढून बाजूला ठेवली, कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, आणि तिसऱ्याच पेशंटच्या डोळ्याचा चोख फोटो काढून दाखवला. नारिंगी पडदा, त्यावर लाल शिरांचं जाळं, आणि मधोमध डोळ्याच्या नसेचं फिकट पिवळं, वाटोळं तोंड. बाई खूश झाल्या. दर गुरुवारी हॉस्पिटल आणि महिन्यातून एकदा शिरूरचा कँप, असं त्यांचं ठरलं. चांदभाईंना वाटलं, आपलं कसब वाया गेलं नाही. फार दिवसांनी त्या घरात माणूस शीळ घालत कपडे इस्त्री करू लागला.

कोंडिबाला तिथं नेला तो चांदभाईंनीच. झालं असं की, ऊस तोडताना कोंडिबाच्या उजव्या डोळ्यात पाचटाचं कुसळ गेलं. त्यानं तो डोळा हातानं दाबून धरला आणि भर दुपारी सगळं काळं झालं. डावा डोळा कधीच गेला होता आणि मालकाला पत्ता नव्हता. दोन्ही उघडे असताना उजवा दोघांचं काम करत होता.

बाईंनी तपासलं आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं. "आबा, हा काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. डावा गेला. उजव्यात सुरुवात आहे. हा एकच डोळा आहे आता, आणि तो राखायचा आहे. थेंब रोज टाकायचे आणि दर सहा महिन्यांनी फोटो."

"फोटू कशाला?" कोंडिबा म्हणाला.

बाईंनी टेबलावरची चहाची बशी ओढली आणि तिच्यात एक लहान वाटी ठेवली. "ही बशी म्हणजे तुमची नस. ही वाटी म्हणजे तिच्यातला खड्डा. रोग पुढं सरकला की वाटी मोठी होत जाते. फार हळू. मला आज बघून कळायचं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. पण आजचा फोटो आणि सहा महिन्यांनंतरचा शेजारी ठेवला की सापडतं. म्हणून तुमचा डोळा ह्या चांदभाईंच्या हातात."

कोंडिबा हसला. "मग काळजी न्हाई. तोंड बी त्याच्याच हातात हुतं."

आता घोटाळा कुठं झाला ते ऐका. सुरुवातीच्या फोटोंवर पांढरे, धुरकट ठिपके यायचे. भिंगावरची धूळ. बाई वैतागल्या. "चांदभाई, मला फोटोवर एकही डाग नको. डाग असला की काय खरं, काय खोटं, मला कळत नाही." तीस वर्षं ज्या माणसानं डागांशी उभा दावा मांडला, त्याला हे सांगायला हवं होतं का? चांदभाईंनी भिंग मखमलीनं पुसलं. तरी एखादा ठिपका राहायचा, कधी लॅबवाल्या पोराच्या हयगयीनं प्रिंटवर कण चिकटायचा. मग फोटो हॉस्पिटलात देण्याआधी चांदभाई ते स्टुडिओत आणायचे, ब्लेड काढायचे, ब्रश काढायचे. हे बाईंना सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. सुतार रंधा मारला म्हणून सांगत बसतो का?

दोन हजारच्या दिवाळीत कोंडिबाचा तिसरा फोटो आला. पिवळ्या नसेच्या अगदी कडेला एक बारीक लाल रेघ होती, नखानं ओरखडल्यासारखी. चांदभाईंनी लॅबवाल्याला मनातल्या मनात एक शिवी हासडली. अशा लाल रेघा त्यांनी आधीही दोन-चार फोटोंतून काढल्या होत्या. लॅबवाला सुधारायचा नाही म्हणजे नाहीच. त्यात हा कोंडिबाचा फोटो. त्यांनी चष्मा पुसला, एरवीपेक्षा दुप्पट वेळ दिला, आणि रेघ अशी काढली की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. दोस्ताचं काम म्हणून जीव ओतला.

बाईंनी भिंगातून तो फोटो बघितला. "वाटी तेवढीच दिसतेय. नसेची कडही स्वच्छ आहे. छान. तेच थेंब चालू ठेवा. पण आबा, एकदा पुण्याला येऊन मशिनवर नजरेचा घेर मोजून घ्या."

"फोटू चांगला हाय न्हवं?"

"फोटो चांगला आहे."

"मग ऊस गेल्यावर बघू," कोंडिबा म्हणाला. ऊस गेला, खोडवा आला, बाजरी आली. पुण्याला कोण जातोय. दर सहा महिन्यांनी फोटो चांगला येतच होता. पुढल्या दिवाळीत पुन्हा लाल रेघ आली, पुन्हा चांदभाईंनी काढली. इकडं कोंडिबा जेवताना ताटाशेजारचा तांब्या लवंडू लागला. बांधावरून चालताना पाय चुकू लागला. धुरपदा म्हणायची, नीट बघा. तो म्हणायचा, वय झालं. चांदभाईंनी स्वतः तिला समजावलं, "वहिनी, डोळा ठणठणीत हाय. मी आतनं बघितलाय."

तिकडं बाईंना दुसराच आनंद झाला होता. चांदभाईंचे फोटो पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवले की ते विचारायचे, एवढे स्वच्छ प्रिंट कुठल्या लॅबचे? शिवाय बाईंच्या ध्यानात एक अजब गोष्ट आली. काचबिंदूच्या दर शंभर माणसांत काहींच्या फोटोत अमुक एक खूण सापडायलाच पाहिजे. दौंड-शिरूरच्या एवढ्या माणसांत एकाच्याही फोटोत ती नव्हती. बाईंनी रजिस्टर तपासलं, पुस्तकं तपासली, मग लोकांच्या खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली. बाजरी किती खाता? मेंढीचं दूध पिता का? विहिरीचं पाणी की कॅनॉलचं? लोकांनीही हौसेनं माहिती दिली. जन्मात दुधाला तोंड न लावलेले लोक तांब्यातांब्याचा हिशोब देऊ लागले. पुण्यातल्या डॉक्टरांच्या सभेत बाई ह्यावर निबंध वाचणार होत्या. दोन हजार दोनचा जून महिना, रविवारची सभा.

त्याआधीच्या गुरुवारी त्यांनी चांदभाईंना बोलावलं. "मला बारा फोटो मोठे करून हवेत. तुमचं नाव घेणार आहे मी सभेत."

चांदभाईंचा ऊर भरून आला. "कशावर बोलणार मॅडम?"

"एका खुणेवर. नसेच्या कडेला रक्ताचा बारीक ओघळ येतो. थोडे आठवडे राहतो, मग विरून जातो. दुखत नाही, खुपत नाही. रोग पुढं सरकतोय हे वाटी मोठी व्हायच्या आधी तो सांगतो. तो दिसला की मी थेंब वाढवते, माणसाला हाताला धरून पुण्याला नेते. इथं तो कुणालाच नाही." बाईंनी कागदावर गोल काढला आणि लाल पेनानं त्याच्या कडेला एक रेघ ओढली. "असा दिसतो. नखाचा ओरखडा असावा तसा."

चांदभाई त्या रेघेकडं बघत राहिले. बाई विचारत होत्या, चहा घेणार का. ते नाही म्हणाले की हो म्हणाले, त्यांना नंतर आठवेना. टोपी तिथंच विसरून ते स्टुडिओत आले आणि आतून कडी लावली.

निगेटिव्ह सगळी जागेवर होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, पाकिटावर नाव, गाव, तारीख. निगेटिव्हला ब्रश लागला नव्हता. काचेखाली दिवा लावून त्यांनी पहिलं पाकीट उघडलं. निगेटिव्हमध्ये लाल रंग निळसर दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुपारचं जेवण तसंच राहिलं. तेवीस माणसांच्या डोळ्यांत ती निळसर रेघ सापडली. कोंडिबाच्या पाकिटात दोनदा, एकाच जागी. लॅबवाल्या पोराला दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांना आठवल्या आणि तोंड कडू झालं.

खुर्शिदभाभी मागच्या दारानं चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला. चांदभाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "रविवार होऊ देऊ का? मॅडमची सभा हाय. मग हळूच नवे प्रिंट फायलीत ठेवतो. कुणाला कळायचं न्हाई."

"पुसताना कुणाला इचारलं न्हाई तुम्ही," भाभी म्हणाल्या. "आता सांगताना तरी इचारत बसू नका."

पाचच्या गाडीनं बाई पुण्याला जायच्या. त्याआधी चांदभाई डबा काखेत मारून हॉस्पिटलात पोचले. उभ्यानंच बोलले. बाईंनी तीन निगेटिव्ह उजेडात धरून बघितली, चौथं बघितलं नाही.

"का केलंत असं?"

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, डाग नको."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांना ते आठवलंही. मग त्यांनी निबंधाचे कागद ड्रॉवरमध्ये कोंबले, कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "नावं सांगा." त्यांची गाडी चुकली.

चांदभाईंना वाटलं होतं, आपल्याला हाकलतील. तेवढं नशीब कुठलं. कुठला फोटो खरा आणि कुठला सुधारलेला, हे साऱ्या मुलखात एकाच माणसाला सांगता येत होतं. त्यामुळं तोच तिथं लागत होता. सगळे प्रिंट नव्यानं निघाले, ब्लेड आणि ब्रश बाईंनी काढून घेतले, आणि तेवीस माणसांना निरोप गेले. पुढल्या खेपेपासून लोक तक्रार करू लागले की आधीचे फोटो किती स्वच्छ यायचे, हल्ली चांदभाईंचा हात बिघडला.

कोंडिबाला बाईंनी स्वतः पुण्याला नेलं. मशिनवर घेर मोजला तर उजव्या डोळ्याचा निम्म्याहून जास्त गेलेला. उरलेला वाचवायला ऑपरेशन झालं. दीड वर्ष आधी हाती लागला असता तर, असं बाई बोलायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

भादव्यात एका सकाळी धुरपदा त्याला हाताला धरून स्टुडिओत घेऊन आली. अपंगाच्या दाखल्यासाठी फोटो हवा होता. चांदभाईंनी स्टूल पुसलं, पण कॅमेऱ्याकडं गेले नाहीत. समोर उभं राहून त्यांनी सांगितलं. काय पुसलं, कधी पुसलं, कितीदा पुसलं. वहिनींना डोळा ठणठणीत आहे म्हणून सांगितलं तेव्हाही पुसलेलंच होतं, हेही सांगितलं. बोलताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

कोंडिबा स्टुलावर बसून ऐकत होता. मान एका बाजूला कलती ठेवली की त्याला माणूस दिसायचा, तशी ती कलती होती. "तू मुद्दाम थोडंच केलंस," तो म्हणाला. "वण काढलंस तवा मी तुला डोक्यावर घेतलं हुतं. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

धुरपदा बोलली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. "आधी माझ्या डोळ्यांवर ब्रश फिरवलास चांदभाई. आता ह्यांच्या." मग तिनं कोंडिबाच्या टोपीची कड सारखी केली आणि बाजूला झाली. "काढ फोटू. एसटी हाय बाराची."

चांदभाईंनी कॅमेरा लावला. कोंडिबा ताठ बसला, अडुसष्ट साली बसला होता तसा. "वण तेवढं काढशील न्हवं?" त्यानं विचारलं. "सरकारी कागुद हाय. चार लोक बघत्याल."

"बघतो," चांदभाई म्हणाले.

तासाभरात लॅबमधून प्रिंट आले. चांदभाईंनी ते कापले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक फोटो जसा निघाला तसा गिऱ्हाईकाच्या हातात दिला. कपाळावरचा वण, गालांवरचे, नाकाच्या शेंड्यावरचा खोल वण, सगळे होते. आता हा चिडेल, म्हणून ते तयार होऊन उभे राहिले. चिडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

कोंडिबानं फोटो डोळ्याजवळ नेला. लांब धरला. मान कलती करून, वर करून, खिडकीच्या उजेडाला धरून बघितला. हळूहळू त्याचं तोंड खुललं.

"हात तसाच हाय गड्या तुझा," तो म्हणाला. "एक बी वण ठेवला न्हाईस."

धुरपदानं चांदभाईंकडं बघितलं, मग फोटोकडं. तिनं तो नवऱ्याच्या हातातून घेतला, पिशवीत ठेवला आणि त्याला उठवलं. पायरीपाशी ती म्हणाली, "खाली पायरी हाय." कोंडिबानं पाय चाचपत टाकला आणि दोघं स्टँडच्या वाटेला लागले.